गुपित पाणबुडीचं असू द्या, क्रेनचं कशाला?

१० ऑगस्ट १९८५. व्लादिवोस्तोकजवळच्या चाझमा उपसागरात के-४३१ ही सोव्हिएत पाणबुडी धक्क्याला बांधलेली होती. तिच्या अणुभट्टीत नुकतंच नवं इंधन भरलं होतं, झाकण बसवलं होतं, आणि दाबाच्या चाचणीत झाकणाच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. गॅस्केटखाली वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा अडकला होता. काम तसं किरकोळ. झाकण उचलायचं, जागा साफ करायची, पुन्हा बसवायचं. पण झाकणाबरोबर नियंत्रक सळयाही (इंधनाच्या गाभ्यात राहून साखळी अभिक्रिया रोखून धरणाऱ्या) वर येऊ शकत होत्या, म्हणून ते किती उचलायचं याला काटेकोर मर्यादा होती, आणि ती मर्यादा राखणारे अडसर नीट लावलेले नव्हते. उचलणारी क्रेन जमिनीवर नव्हती, तरत्या कार्यशाळेवर होती. तेवढ्यात जवळून एक टॉर्पेडो बोट गेली. तिच्या लाटेने क्रेन हलली, झाकण हवं त्यापेक्षा वर आलं, सळयाही आल्या. साखळी अभिक्रिया क्षणात सुटली, पाण्याची वाफ झाली आणि सुमारे १२ टनांचं झाकण उडालं. भट्टीवर काम करणारे दहा जण जागीच मेले. वाजवीपेक्षा जास्त किरणोत्सार झालेल्यांची संख्या नंतर २९० च्या घरात भरली, आणि त्यातल्या ४९ जणांना त्याचा प्रत्यक्ष त्रास झाला.

यात एक गोष्ट नशिबाची होती. इंधन कोरं होतं. वर्षानुवर्षं जळलेल्या इंधनात किरणोत्सारी आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम साठत जातं. कोऱ्या इंधनात ते जवळपास नसतं. त्यामुळे चाझमाच्या मातीत मागे उरला तो मुख्यतः कोबाल्ट-६०, ज्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सव्वापाच वर्षं आहे. हाच प्रकार जुनं इंधन काढताना घडला असता तर व्लादिवोस्तोकचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. फेब्रुवारी १९६५ मध्ये सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत के-११ या पाणबुडीचं इंधन बदलताना नियंत्रक सळया नीट अडकवून न ठेवताच झाकण उचललं गेलं, भट्टी चालू झाली, किरणोत्सारी वाफ बाहेर पडली. पाच दिवसांत दोनदा. दुसऱ्या वेळी आगही लागली. ती भट्टी अखेर पाणबुडीतून कापून काढावी लागली. वीस वर्षांच्या अंतराने तेच झाकण, त्याच सळया, तीच घाई. सेवेरोद्विन्स्कमध्ये नेमकं काय चुकलं हे जगाला कळायला सोव्हिएत संघ कोसळावा लागला. गुपिताच्या कुलपात शत्रूपासून लपवायच्या गोष्टींबरोबर पुढच्या पिढीच्या फिटरला सांगायच्या गोष्टीही बंद होतात, हा या दोन अपघातांचा अर्थ आहे.

आज हे उकरून काढण्याचं कारण घरचं आहे. आयएनएस अरिहंत २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, तिची अणुभट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये चालू झाली आणि २०१६ मध्ये ती नौदलात दाखल झाली. आयएनएस अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला आली. हल्लेखोर प्रकारच्या दोन अणुपाणबुड्या बांधायला केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. या भट्ट्यांचं इंधन कधीतरी संपणारच. भट्टीची रचना तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची, वालचंदनगरच्या कारखान्यानेही यंत्रभाग पुरवलेले, तेव्हा या पाणबुड्यांचा अभिमान महाराष्ट्रात वाजतगाजत व्यक्त झाला आणि त्यात गैर काही नाही. पण इंधन बदलण्याचं काम कुठे, कोणत्या गोदीत, कोणाच्या देखरेखीखाली व्हावं, यावर आपल्याकडे चर्चाच होत नाही. आमचं म्हणणं सरळ आहे: पाणबुडीबद्दलचं गुपित लष्कराकडे राहू द्यावं, पण इंधन बदलणारी गोदी ही औद्योगिक जागा आहे आणि तिच्यावर नौदल व अणुऊर्जा विभाग या दोहोंबाहेरच्या कोणाची तरी नजर हवी. हे पहिलं झाकण उचलण्याआधी ठरलं पाहिजे.

अणुपाणबुडीचं सगळ्यात धोक्याचं ठिकाण खोल समुद्र आहे, असं बहुतेकांना वाटतं. युद्धाच्या हिशेबाने ते खरं. भट्टीच्या हिशेबाने मात्र चालती भट्टी जाड पोलादी पात्रात, त्याभोवती ढाल, ढालीभोवती दाब झेलणारं कवच, बाहेर अथांग पाणी, अशी चहूबाजूंनी बंद असते. इंधन बदलताना हे सगळे पडदे एकामागून एक उघडले जातात, आणि तेही जमिनीला लागून, माणसांच्या वस्तीजवळ.

काम कसं चालतं ते समजल्याशिवाय देखरेख कशावर हवी हे कळणार नाही. आधी भट्टी बंद करतात आणि थांबतात. बंद केल्यावरही इंधन तापतच राहतं. अरिहंतच्या भट्टीची औष्णिक क्षमता ८३ मेगावॅट सांगितली जाते. पूर्ण क्षमतेवरून बंद केली तर पहिल्या क्षणी पाचेक मेगावॅट उष्णता निघते, एका दिवसाने चारएकशे किलोवॅट, महिन्याने शंभरच्या आसपास. म्हणजे महिनाभरानेही दोन किलोवॅटचे पन्नास गिझर आत अखंड चालू आहेत असं समजा. पाणी फिरतं आहे तोवर काळजी नाही. पंप थांबले, तर किती तासांत पाणी उकळेल याचं कोष्टक त्या दिवसाच्या आकड्यांनिशी गोदीच्या भिंतीवर लावलेलं असावं. हा आकडा रोज बदलतो, आणि पर्यायी पंप किती वेळात चालू झाला पाहिजे हे त्यावरच ठरतं.

मग पाणबुडी सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या करता येणाऱ्या गोदीत घ्यायची, ठोकळ्यांवर बसवायची, समपातळीत आहे का ते मोजायचं. भट्टीच्या वरचं कवच कापायचं किंवा झरोका असेल तर उघडायचा. वर हवाबंद खोली उभी करायची, जिच्यात हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर हवा आत ओढली जाते. नियंत्रक सळयांच्या मोटारींची वीज तोडायची आणि प्रत्येक सळई गाभ्यात यांत्रिक अडसराने अडकवायची. वीज तोडली एवढ्यावर भागत नाही, कारण क्रेनला वीज तोडल्याचं कळत नाही. अडसर लागला हे एकाने सांगायचं, दुसऱ्याने स्वतः पाहायचं, तिसऱ्याने सही करायची. गाभ्याजवळ न्यूट्रॉन मोजणारी किमान दोन उपकरणं चालू हवीत, आणि त्यांचा टकटक आवाज क्रेनचालकाला ऐकू यायला हवा. झाकणाचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, थोडेथोडे करून सैल करायचे, नाहीतर झाकण तिरकं होऊन पकडतं. मग मिलिमीटर-मिलिमीटरने उचल. क्रेनला वर जाण्याची यांत्रिक मर्यादा हवी, चालकाच्या हाताच्या अंदाजावर सोडलेली नको. वजनमापकावर भार अचानक वाढला तर झाकणाबरोबर आणखी काहीतरी उचललं जातंय असा अर्थ होतो, आणि तिथेच थांबायचं. चाझमात नेमकं हेच हवं होतं.

झाकण निघालं की जळलेल्या इंधनाचे जुडगे एकेक करून शिशाच्या जाड डब्यात ओढून घेतात आणि तो डबा गोदीलगतच्या तळ्यात रिकामा करतात. पात्राची आतून तपासणी होते, कारण अशी संधी दहा-वीस वर्षांत एकदा येते. कोरं इंधन भरताना प्रत्येक जुडग्यानंतर न्यूट्रॉनची गणती. शेवटी नवं गॅस्केट, बैठकीची स्वच्छता, दाब चाचणी, कवचाचं वेल्डिंग, त्या वेल्डिंगचे एक्स-रे. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. पण वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा नेमका या कंटाळवाण्या टप्प्यातच राहिला होता. म्हणून भट्टीवर नेलेल्या प्रत्येक वस्तूची, पान्यापासून पेनापर्यंत, आत जाताना आणि बाहेर येताना नोंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी मोडला जाणारा नियम आहे.

इथे कोणी विचारेल, झाकण उघडायचंच कशाला? अमेरिकेने ते बंद करत आणलं आहे. १९५५ मध्ये समुद्रात निघालेल्या नॉटिलस या पहिल्या अणुपाणबुडीला दोनच वर्षांत, सुमारे ६२,५०० सागरी मैलांनंतर नवं इंधन लागलं होतं. आजच्या व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांना ३३ वर्षं पुरेल एवढं इंधन बांधतानाच भरतात. ओहायो वर्गाच्या १८ पाणबुड्यांपैकी शेवटच्या लुईझियानाचं इंधन बदलण्याचं काम २०२३ मध्ये संपलं. यामागचं रहस्य इंधनाच्या जातीत आहे. युरेनियममधला सहज भंजन होणारा अंश वाढवणं म्हणजे संवर्धन. अमेरिका आणि ब्रिटन ९० टक्क्यांहून जास्त संवर्धित, म्हणजे थेट बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम वापरतात. ऑस्ट्रेलियालाही ऑकस या अमेरिका-ब्रिटनबरोबरच्या करारात मिळणाऱ्या भट्ट्या अशाच सीलबंद असणार आहेत. फ्रान्सने उलटा रस्ता धरला. तिथल्या पाणबुड्या नागरी वीजभट्ट्यांच्या जवळपासच्या संवर्धनाचं इंधन वापरतात. सुफ्रें वर्गाला साधारण दहा वर्षांनी इंधन बदलावं लागतं, पण त्यासाठी कवचात मुळातच मोठे झरोके ठेवले आहेत. दर वेळी कापाकापी आणि वेल्डिंग करावं लागत नाही.

न उघडण्याचा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाही. स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या जमिनीवरच्या चाचणी-भट्टीत २०१२ साली इंधनाच्या आवरणाला सूक्ष्म भेग गेल्याचं आढळलं. लोकांना ते मार्च २०१४ मध्ये सांगितलं गेलं. तेव्हा ब्रिटनने व्हँगार्ड या पाणबुडीचं इंधन बदलायचं ठरवलं, ज्याची आधी योजनाच नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये प्लिमथ शहरातल्या डेव्हनपोर्टच्या गोदीत गेलेली ती पाणबुडी मे २०२३ मध्ये बाहेर पडली. सात वर्षांहून जास्त. उरलेल्या तीन पाणबुड्यांवर ताण आला आणि गस्ती पाच महिन्यांच्या पुढे गेल्या. झाकण कधी उघडणारच नाही या गृहीतकावर सगळं बेतलं की उघडण्याचं कौशल्य, हत्यारं, माणसं, जागा हळूहळू विरून जातात. ज्याच्याकडे दोन-तीनच पाणबुड्या आहेत त्या देशाला असा धक्का सोसणार नाही.

म्हणून आमच्या मते भारताने तूर्त फ्रेंच वाटेनेच जावं. बांधणीतच झरोका, ठरलेल्या अंतराने इंधनबदल, दर वेळी पात्राची तपासणी. कल्पक्कमला अरिहंतच्या भट्टीचा जमिनीवर बांधलेला मूळ नमुना आहेच. पाणबुडीला हात लावण्याआधी झाकण उचलण्याची तालीम तिथे, खऱ्या वजनाने, त्याच क्रेनचालकांनी, निदान काही डझन वेळा केलेली असावी. संवर्धनाचा आकडा सरकारने जाहीर केलेला नाही, करूही नये. पण कमी संवर्धनाचा आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा कमी होते: गोदीत, वाहतुकीत, तळ्यात पडून असलेलं इंधन बॉम्बसाठी चोरण्याजोगं नसतं, त्यामुळे पहारा ठेवणं सोपं जातं.

आता जागेचा प्रश्न. तरत्या क्रेनने, पाण्यात उभ्या पाणबुडीचं झाकण उचलणं ही गोष्ट कायद्यानेच बंद असावी. यावर वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. गोदी सुकी हवी आणि क्रेन जमिनीत रोवलेल्या रुळांवर. पुढचा प्रश्न आहे शहराचा. विशाखापट्टणमची नौदल गोदी १७ लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहराला खेटून आहे (तो आकडाही २०११ चा). शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला रांबिल्लीजवळ नौदलाचा नवा तळ उभा राहतो आहे. इंधनबदलाची सुकी गोदी, जळलेल्या इंधनाचं तळं आणि कोऱ्या इंधनाचं कोठार तिथे एकाच आवारात असावं, आणि शस्त्रं चढवण्याचा धक्का त्यापासून लांब. दोन ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या सोयी केल्या की जळलेलं इंधन रस्त्यावरून फिरवावं लागतं.

मुंबईचा अनुभवही विसरू नये. १३-१४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक ही डिझेल पाणबुडी स्फोटाने बुडाली, १८ जण गेले. ५ डिसेंबर २०१६ ला त्याच गोदीत सुक्या गोदीतून बाहेर काढताना बेतवा ही युद्धनौका आडवी झाली, दोघांचा जीव गेला. जुलै २०२४ मध्ये ब्रह्मपुत्र या युद्धनौकेला दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि ती कलली. यातली एकही नौका अणुशक्तीवर चालणारी नव्हती, हे आपलं भाग्य. पण आग, पाणी आणि ठोकळे यांना भट्टी कसली आहे याच्याशी कर्तव्य नसतं. जून २०२० मध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदरात पर्ल ही अणुपाणबुडी सुक्या गोदीत जवळजवळ चौदा तास जळत होती. अणु-अपघात झाला नाही, कारण तिच्यातलं इंधन आधीच काढून ठेवलं होतं. मोठ्या दुरुस्तीत वेल्डिंग आणि कटिंगची कामं सुरू होण्याआधी इंधन बाहेर, हा क्रम फ्रेंचांना वाचवून गेला. आपल्याकडेही कामाच्या परवान्यावर हा क्रम छापलेला हवा, म्हणजे वेळापत्रक घसरल्यावर दोन्ही कामं एकत्र उरकण्याचा मोह कोणाला होणार नाही. वेळापत्रक घसरणारच. गोदीतलं कोणतं वेळापत्रक घसरत नाही?

पूर्व किनाऱ्यावर आणखी एक हिशेब आहे, जो फ्रान्सला किंवा ब्रिटनला करावा लागत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ थेट विशाखापट्टणमवर आदळलं आणि शहराची वीज कित्येक दिवस गेली. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात, मे महिन्याच्या आसपास आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्ण इंधनबदलाला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो, पण झाकण उघडं असण्याचा आणि इंधन उघड्यावर हलवण्याचा काळ काही आठवड्यांचाच असतो. तो काळ जानेवारी ते मार्चमध्येच यावा असं सगळं नियोजन मागून पुढे बेतावं. फेब्रुवारी हुकला तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं. नौदलाला हे जड जाईल. पण कॅलेंडरशी भांडता येतं, वादळाशी नाही.

विजेबद्दल एवढंच. २०१२ साली डेव्हनपोर्टमध्ये गोदीतल्या पाणबुडीच्या भट्टीला थंड ठेवणारी मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही वीजवाहिन्या एकाच वेळी सुमारे दीड तास बंद पडल्या. दोन वाहिन्या होत्या, पण दोन्ही एकाच ठिकाणच्या स्विचबोर्डवर अवलंबून होत्या. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. तपासणाऱ्याने आराखडा बघू नये, खटका पाडून बघावा.

वापरलेल्या इंधनाचं काय करायचं हे आधी ठरलं नाही तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण रशियाच्या वायव्येला आंद्रेयेवा उपसागरात आहे. नॉर्वेच्या सीमेपासून फार लांब नाही. तिथे पाणबुड्यांचं इंधन साठवलेल्या तळ्याला फेब्रुवारी १९८२ मध्ये गळती लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ती रोज तीसएक टनांवर गेली. मग ते इंधन घाईघाईने जमिनीतल्या अशा टाक्यांत हलवलं, ज्या मुळात दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या होत्या. तिथे सुमारे २२,००० जुडगे साठले होते. ते जहाजाने मुर्मान्स्कला आणि पुढे रेल्वेने मायाक इथल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याला हलवण्याचं काम सुरू झालं ते जून २०१७ मध्ये. खर्चात नॉर्वेसारख्या शेजाऱ्यांचे पैसे होते. श्रीमंत ब्रिटनचीही तऱ्हा पाहा. २०१९ च्या तिथल्या सरकारी लेखापरीक्षणात निवृत्त झालेल्या २० अणुपाणबुड्यांपैकी ९ मध्ये अजून इंधन तसंच होतं, कारण इंधन काढण्याची सोय नव्या निकषांत बसत नव्हती आणि ते काम २००४ च्या सुमारास थांबलं होतं. एकही पाणबुडी पूर्ण मोडीत काढलेली नव्हती.

यावरून आमचा आग्रह: कोरं इंधन गोदीत आणण्याचा परवाना तेव्हाच द्यावा जेव्हा जळलेल्या इंधनासाठी तळ्यात जागा मोकळी आहे, वाहतुकीचे डबे तयार आहेत आणि पुनर्प्रक्रियेच्या कारखान्याने ते घ्यायची लेखी तयारी दाखवली आहे. पाणबुडीच्या इंधनाची धातुरचना वीजभट्टीच्या इंधनासारखी असेलच असं नाही, म्हणून तारापूर किंवा कल्पक्कमचा प्रकल्प ते जसंच्या तसं विरघळवू शकेल हे गृहीत धरता येत नाही.

देखरेखीचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तिथे हमखास राष्ट्रीय सुरक्षेचा हवाला दिला जातो. ब्रिटनमध्ये पाणबुडीची भट्टी संरक्षण खात्याच्या नियामकाकडे असते, पण डेव्हनपोर्टची गोदी, तिची क्रेन आणि तिचं तळं नागरी अणुनियामकाच्या परवान्याखाली चालतं. तोच नियामक काम थांबवू शकतो. प्लिमथ महापालिका गोदीजवळच्या घरांना आयोडीनच्या गोळ्या आणि काय करायचं याचं पत्रक पाठवते. फ्रान्समध्ये संरक्षणासाठी स्वतंत्र अणुसुरक्षा प्राधिकरण आहे, शिवाय तूलाँ, ब्रेस्ट, शेरबूर या नौदल-बंदरांच्या शेजारी नागरिकांना माहिती देणारी मंडळं आहेत. अमेरिकेत नौदलाची अणुशाखा स्वतःच स्वतःवर देखरेख ठेवते, पण गोदीतल्या कामगारांना किती किरणोत्सार झाला आणि बंदराच्या पाण्यात काय सापडलं याचे अहवाल दरवर्षी छापते. हे तिन्ही देश आपल्यापेक्षा कमी लष्करी नाहीत.

आपल्याकडे काय? २००० साली अणुऊर्जा विभागाने भाभा केंद्राच्या सुविधांची सुरक्षा-देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे दिली. म्हणजे ज्याने भट्टीची रचना केली त्याच घरातल्या माणसांनी ती तपासायची. माणसं प्रामाणिक आहेत यात शंका नाही. पण परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच स्वयंपाकघरात जेवत असतील तर पेपर कडक निघत नाही. त्यात २०१० च्या अणुनुकसान दायित्व कायद्याने वाहनाला शक्ती पुरवणारी भट्टी आपल्या व्याख्येतूनच वगळली. त्याच व्याख्येत अणुद्रव्य साठवण्याची जागा मात्र येत होती. मग झाकण उचललेलं आहे, निम्मं इंधन भट्टीत आहे आणि निम्मं तळ्यात, अशा दुपारी काही बिघडलं तर रांबिल्लीच्या मच्छीमाराने भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची? पाणबुडी सुक्या गोदीत शिरली आणि गोदीचं दार बंद झालं की ती वाहन राहत नाही, असं कायद्याने स्पष्ट लिहावं.

आमचा प्रस्ताव असा आहे की गोदी, क्रेन, तळं, वीज, वायुवीजन आणि कामगारांचा किरणोत्सार एवढं नागरी नियामकाच्या अखत्यारीत यावं. लागेल तर सुरक्षा-तपासणी झालेल्या पाच-सहा निरीक्षकांची वेगळी तुकडी ठेवावी. गाभ्याचा आकार, संवर्धन, इंधन किती वर्षं पुरतं, पाणबुडी कधी परतणार, हे त्यांच्याही कक्षेबाहेर राहावं. यातलं काहीही क्रेनला मर्यादा-अडसर आहे का हे तपासायला लागत नाही. गुपित फुटेल या आक्षेपात फारसा दम नाही. पाणबुडी महिनोन्‌महिने गोदीत आहे हे उपग्रहातून कोणालाही दिसतं. शत्रूला ते आधी कळतं, शेजारच्या गावाला नंतर.

आणि शेजारच्या गावाला कळणं महत्त्वाचं आहे. पालघरमधल्या तारापूर प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरच्या पट्ट्यात आपत्कालीन नियोजन आणि सराव होतात. गावकऱ्यांना भोंगा कशाचा, घरात कधी बसायचं, हे निदान सांगितलं जातं. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमजवळच्या प्लास्टिक कारखान्यातून पहाटे स्टायरीन हे विषारी रसायन गळालं, तेव्हा भोंगा वाजलाच नाही आणि लोक झोपेतून उठून धावत सुटले. अणुगोदीच्या बाबतीत धावत सुटणं हीच चूक ठरू शकते. बऱ्याच प्रसंगी दारं-खिडक्या लावून आत थांबणं आणि वेळेत आयोडीनची गोळी घेणं जास्त उपयोगी असतं. पण गोळी उपयोगी पडते ती श्वासातून किरणोत्सारी आयोडीन आत जाण्याआधी किंवा पुढच्या काही तासांत, म्हणून ती जिल्हा मुख्यालयाच्या कपाटात ठेवून चालत नाही. ती घरोघर हवी, बरोबर तेलुगूतलं पत्रक हवं, आणि मासेमारीच्या होड्यांना समुद्रात संदेश कसा पोहोचणार हेही ठरलेलं हवं. या तयारीचा पहिला सराव कोरं इंधन गोदीत येण्याच्या सहा महिने आधी व्हावा, आणि त्या सरावात काय फसलं याची यादी रांबिल्ली ज्यात येतं त्या अनकापल्ले जिल्ह्याच्या कार्यालयात कोणालाही वाचता यावी.